अहवालात नसलेला 'ओके'

आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेतून जो कागद बाहेर पडतो त्यावर आकडे असतात, आकड्यांशेजारी त्यांच्या मर्यादा असतात आणि तळाशी माझी सही असते. 'ओके' हा शब्द कुठेही नसतो. तो लिहायचा नाही, हा नियम मी इथे रुजू होण्याआधीपासूनचा. विभागाची जबाबदारी माझ्याकडे आल्यावर मी तो सैल केला नाही, उलट तोंडी बोलण्यालाही लावला. तरीही काउंटरवर येणारा जवळपास प्रत्येक माणूस कागद हातात घेतो, त्यावरून नजर फिरवल्यासारखे करतो आणि विचारतो, "ओके आहे ना?"

संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितले तेव्हा या प्रश्नापासूनच सुरुवात करावी असे ठरवले. पदव्या, परीक्षा आणि बढत्या यांत वाचकाला रस नसतो, आणि माझ्या वयाच्या बाईने आत्मचरित्र लिहू नये इतके मला कळते.

आमचे काम दोन भागांत विभागले आहे. पाण्यात काय विरघळले आहे हे पाहणे हा रसायनशास्त्राचा भाग. पाण्यात काय जिवंत आहे हे पाहणे हा जंतुशास्त्राचा. पहिल्याचे उत्तर त्याच दिवशी मिळते. दुसऱ्यासाठी जंतूंना वाढू द्यावे लागते आणि त्यात दोन दिवस जातात. हे दोन दिवस लोकांना सर्वांत जास्त खटकतात. जायकवाडीतल्या मृतसाठ्याची चर्चा सुरू झाली की आमच्या काउंटरवर रांग लागते, आणि रांगेतल्या माणसाला दोन दिवस थांबा असे सांगणे म्हणजे तहानलेल्याला शास्त्र शिकवणे.

दुष्काळात शहर थांबत नाही, ही आमच्या छत्रपती संभाजीनगरची गंमत आहे. नळाला आठवड्याने पाणी येते, पण साताऱ्याच्या डोंगराकडे, बीड बायपासला, शेंद्र्याच्या वाटेवर प्लॉट विकले जातच असतात. माणसे आधी येतात, पाणी मागाहून. मधल्या काळात बोअर आणि टँकर. बोअर जितके खोल, तितके पाणी खडकात जास्त काळ मुरलेले आणि म्हणून क्षारांनी जड. टँकरचे पाणी कुठून आले हे अनेकदा ड्रायव्हरलाच माहीत असते. असे सगळे पाणी बाटल्यांत भरून आमच्याकडे येते.

एका बांधकाम व्यावसायिकाने बायपासवरच्या नव्या इमारतीच्या बोअरचा नमुना पाठवला होता. काळ्या पाषाणातून वर आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम दिसलेच पाहिजे. या नमुन्यात ते नावापुरतेही नव्हते. मी फोन करून विचारले की ही बाटली कोणत्या दुकानातून घेतली. ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला ओकेच द्यायचं होतं ना? मग ओकेवालंच पाणी पाठवलं." मी त्यांना खरा नमुना आणायला सांगितले. त्यांनी तो दुसऱ्या प्रयोगशाळेत नेला असावा.

दुसरे एक गृहस्थ शर्टाच्या खिशात टीडीएसचे पेन बाळगत. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज. हे पेन ते ज्या घरी जात तिथल्या पेल्यात बुडवत आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवत. आमच्याकडे आल्यावर त्यांनी तेच केले. विनोद म्हणून मी त्यांच्यापुढे दोन चंचुपात्रे ठेवली आणि दोन्हींत पेन बुडवायला सांगितले. आकडे जवळपास सारखे आले. मग सांगितले की एक पिण्याचे पाणी आहे आणि दुसऱ्यात मी स्वतः जंतू सोडले आहेत. जंतू पेनाला दिसत नाहीत. ते बराच वेळ पेनाकडे पाहत राहिले. पेन त्यांनी सोडले नाही, पण लोकांच्या पेल्यांत बुडवणे सोडले असे त्यांच्या सुनेने नंतर सांगितले.

आणि पाचोडचे एक निवृत्त मुख्याध्यापक. गावच्या विहिरीचा अहवाल घेताना त्यांनीही सवयीने 'ओके ना?' विचारले आणि स्वतःच चपापले. मग मलाच प्रश्न केला की या दोन अक्षरांचा विस्तार काय. मला सांगता आला नाही. ते म्हणाले, "ज्या संक्षेपाचा विस्तार माहीत नाही, त्यावर सही करू नये, बाई." मी त्यावर सही करत नव्हते, हे त्यांना सांगायचे राहिले; पण प्रश्न टोचला आणि मी शोध घेतला.

कोशकारांचे बहुमत असे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत एक फॅशन आली होती: नेहमीचे शब्दप्रयोग मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचे आणि त्या चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे छापायची. शहाण्या वाचकाने ओळखून हसायचे. 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळे बरोबर, यातल्या 'ए'चा 'ओ' आणि 'सी'चा 'के' करून 'ओ. के.' झाले. असे डझनांनी संक्षेप निघाले आणि विरले. हे एक टिकले, कारण पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या गावावरून पडलेल्या टोपणनावाचीही आद्याक्षरे हीच होती आणि त्याच्या पाठीराख्यांनी ती गाजवली. नंतर तारायंत्र आले. तारमास्तरांना संदेश पोचला एवढे कळवायला आखूड खूण हवी होती; ती यांत आयती मिळाली. आमचे उगमस्थान खरे, असा दावा ग्रीकांनी केला, स्कॉटिश लोकांनी केला, अमेरिकेतल्या मूळ जमातींच्या वतीनेही केला गेला, पण पुरावा वृत्तपत्रांच्या बाजूने आहे.

मला यातल्या दोन गोष्टी आवडल्या. 'सगळे बरोबर' असे सांगणारा शब्द स्वतःच चुकवून तयार केलेला आहे. आणि तारमास्तराचा 'ओके' म्हणजे संदेश मिळाला. संदेश खरा आहे असे नव्हे. मुख्याध्यापकांना मी हे सगळे सविस्तर कळवले. त्यांनी शाबासकी दिली आणि विहिरीत जंतुनाशक पावडर किती टाकायची ते विचारले.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहायला घेतले ते सांगते.

शहराच्या कडेला गुंठेवारीतली एक वसाहत आहे. तिचे नाव लिहीत नाही. बहुतेक घरे बौद्ध कुटुंबांची, मधोमध लहान विहार, विहाराशेजारी जमिनीत बांधलेली पाण्याची टाकी. प्लॉट विकणाऱ्याने टाकीपासून गल्ल्यांपर्यंत पाइपलाइन टाकून दिली होती. त्या दुष्काळात बोअर आटले, म्हणून टँकर टाकीत रिकामा होई. त्यात टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंगची पावडर, टाकली जाई आणि मग नळ सोडत. वसाहतीच्या पाणी समितीचे काम लताताई साळवे पाहत. पन्नाशीच्या, उंच, एका शाळेत स्वयंपाकाचे काम करणाऱ्या. आमची गाडी सकाळी बाटल्या देऊन पुढे जाई आणि परतताना भरलेल्या बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून आणी. लताताईंची बाटली नेहमी वेळेवर, काठोकाठ भरलेली आणि लखलखीत असे. अहवालही नेहमी एकच: जंतू आढळले नाहीत.

एके दिवशी त्या काउंटरवर आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडं ओके यायलंय अन् आमची पोरं पिवळी पडायलीत."

वसाहतीत कावीळ होती. आधी दोन घरांत, मग गल्लीभर. लताताईंची नात संघमित्रा दवाखान्यात होती. पाइप कुठेतरी फुटला आहे, गटाराचे पाणी ओढतो आहे, असा त्यांचा संशय होता, आणि तो बदलून मिळावा म्हणून त्यांनी संबंधित कार्यालयात खेटे घातले होते. तिथल्या अभियंत्यांनी दर वेळी आमचे अहवाल पुढे केले. प्रत्येकावर त्यांनी पेनने 'ओके' लिहून सही ठोकली होती. पाणी चांगले आहे, पोरे बाजारातले काहीबाही खात असतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या जागी मी असते तर मीही कागदावरच विश्वास ठेवला असता. कागद आमचा होता.

मी शेवटच्या नमुन्याची उरलेली बाटली काढली. इथे थोडे शास्त्र सांगावे लागेल. पावडरीतला क्लोरीन जंतू मारतो, पण त्याला वेळ लागतो. नळातून आलेल्या पाण्यात क्लोरीनही असू शकतो आणि नुकतेच मिसळलेले जिवंत जंतूही. असे पाणी साध्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत आणले तर वाटेत क्लोरीन आपले काम पूर्ण करतो आणि आम्हाला पाणी शुद्ध दिसते. लोकांनी मात्र ते नळाखाली ओंजळ धरूनच प्यायलेले असते. म्हणून आमच्या बाटलीत आधीच एका क्षाराच्या द्रावणाचे थेंब सोडलेले असतात. आम्ही त्याला 'थायो' म्हणतो. हा क्षार क्लोरीनला जागच्या जागी निकामी करतो, म्हणजे नळाशी जी स्थिती होती तीच आमच्यापर्यंत पोचते. बाटली निर्जंतुक करताना तो सुकून तळाला पांढरट डाग राहतो.

अर्थात आमच्याकडे आलेल्या नमुन्यात क्लोरीन असता कामा नये. मी उरलेल्या पाण्यात क्लोरीन ओळखण्याच्या रसायनाचे थेंब टाकले. पाणी पिवळे झाले. बाटलीत थायो नव्हता.

बाटल्या तयार करण्याचे काम बशीरभाईंचे. मी विचारताच ते दुखावले. "मॅडम, थायो डाले बगैर बाटली मेरे हात से जातीच नै," म्हणाले आणि निर्जंतुक करण्याच्या यंत्रातून नुकत्याच निघालेल्या बाटल्या माझ्यापुढे ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या तळाशी पांढरा डाग होता. म्हणजे थायो इथून जात होता आणि तिथून परत येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीबरोबर स्वतः गेले. कारण सांगितले नाही. फक्त नमुना कसा घेता ते पाहू द्या, एवढेच म्हणाले. लताताईंनी बाटलीवरचा खाकी कागद सोडला, झाकण काढले आणि बाटली उजेडाकडे धरून तळ पाहिला. चेहऱ्यावर नापसंती उमटली, पण पाहुण्यासमोर बोलल्या नाहीत. घरात गेल्या, बाटली साबणाने घासली, खळाळून धुतली, पुन्हा धुतली, धुतलेल्या फडक्याने तोंड पुसले आणि मग नळाखाली धरून काठोकाठ भरली.

बाटलीवर मराठीत छापलेले होते: 'निर्जंतुक. धुवू नये.' ते वाचले नाही का, असे मी विचारले.

"वाचलं ना. लिहिणारे लिहितात. खाली पांढरं दिसायलंय त्याचं काय?"

मला हे उत्तर आवडले, हे कबूल करते. छापील मजकुरापेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवणे ही शास्त्राचीच सवय आहे. पण मी जे सांगायला आले होते ते सांगणे भाग होते. मी सांगितले की तो पांढरा डाग औषधाचा आहे, तो धुतला गेल्यामुळे नमुना बिघडतो, आणि आजवरचे सगळे स्वच्छ अहवाल त्यामुळेच आले.

लताताईंनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "माझी माय विहिरीपासून लांब उभी राहायची, मॅडम. वरच्यांपैकी कुणी दया करून वरून ओतलं तर घागर भरायची. माझ्या हातचं पाणी मोठ्या हापिसात जाणार, शिकलेली माणसं बघणार. ते मी घाण बाटलीत भरून देऊ व्हय? लई घासून देते मी. अन् आता तुम्ही म्हणायलाव, माझ्या धुण्यानंच पोरं आजारी पडली. बाटलीला हात लावू नका म्हणायलाव."

मी काय आहे ते त्यांना माहीत होते. आजोबा पौरोहित्य करत, वडील कारकून. माझे आडनाव ऐकून या शहरात कुणालाही एवढे कळते. तिथे क्षमा मागणे सोपे होते. माझे मन हलके झाले असते, त्यांनी मोठेपणाने 'जाऊ द्या' म्हटले असते आणि पाइप जमिनीखाली तसाच राहिला असता. मी डब्यातून दुसरी बाटली काढली. माझे हात स्पिरिटने पुसले, झाकण बाहेरून धरून दाखवले आणि म्हणाले, "आत माझं बोट गेलं तर हीही फेकावी लागते, लताताई. माझ्या हातावर जे जंतू आहेत तेही मोजले जातात."

"तुमच्या बी हातावर हायेत?"

"माझ्या, आमच्या सरांच्या. कलेक्टर आले तर त्यांच्याही."

त्या हसल्या नाहीत. माझ्या हाताकडे मात्र बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलून नाय कळायचं. दावा."

बरोबर तेच मला हवे होते. मी म्हणाले की दोन्ही नमुने तुम्हीच घ्यायचे. एक बाटली नेहमीसारखी धुऊन, दुसरी न धुता. गाडीवाला म्हणाला की दुसरी मॅडमनीच भरावी, त्यांना सवय आहे. मी नकार दिला. न धुतलेली बाटली मी भरली असती आणि त्यात जंतू निघाले असते, तर तो प्रयोग धुण्याचा राहिला नसता. एका हाताची दुसऱ्या हाताशी तुलना झाली असती. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. नळ तोच, वेळ तीच, हात तोच. महाविद्यालयात हा नियम मी परीक्षेपुरता शिकले होते. तो कशासाठी असतो, ते त्या नळापाशी समजले.

लताताईंनी स्पिरिटने हात पुसले आणि दोन्ही बाटल्या भरल्या. मग डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. प्रयोगशाळेत मी त्यांच्यासमोर दोन्हींतले थोडे थोडे पाणी परीक्षानळ्यांत ओतले आणि थेंब टाकले. धुतलेल्या बाटलीतले पिवळे झाले. न धुतलेल्या बाटलीतले होते तसेच राहिले. त्यांनी दोन्ही नळ्या हातात घेऊन खिडकीशी नेल्या. बशीरभाईंनी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

दोन दिवसांनी त्या शाळेतून परस्पर आल्या. मी जंतू वाढवायला ठेवलेल्या थाळ्या बाहेर काढल्या. धुतलेल्या बाटलीच्या थाळीत काहीच वाढले नव्हते. दुसऱ्या थाळीत जंतूंच्या वसाहती एकीत एक मिसळून गेल्या होत्या. अशा वेळी आम्ही आकडा लिहीत नाही, 'मोजण्यापलीकडे' असे लिहितो.

"हे आमच्या नळात होतं?"

"हो."

"म्हणजे संघमित्राच्या पोटात बी हेच."

थाळीत वाढतात ते जंतू आणि कावीळ करणारा विषाणू हे वेगळे असतात. पहिले सापडले म्हणजे मैला पाण्यात आला आणि दुसऱ्याची वाट उघडी आहे, एवढे सिद्ध होते. एरवी मी हा फरक कुणालाही सोडू दिला नसता. त्या दिवशी तो मी दोन वाक्यांत सांगितला आणि त्यांनी मान डोलावली. त्यांचा निष्कर्ष तेवढ्याने बदलत नव्हता.

आमच्या सरांशी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांशी, मात्र मला झगडावे लागले. त्या वसाहतीचे जुने अहवाल मागे घ्यायचे, असे मी म्हणत होते. प्रमुख होण्याची माझी वेळ जवळ आली होती. प्रयोगशाळेने आपलेच कागद रद्द केले की पहिला प्रश्न मलाच विचारला जाणार, हे सरांनी आडून नव्हे, सरळ सांगितले. मी म्हणाले की आकडे खरे आहेत, नमुने खरे नाहीत, आणि हे आपण पकडले असे पत्रात लिहू. पकडणारी प्रयोगशाळा न पकडणारीपेक्षा बरी. सरांनी पत्राचा मसुदा वाचला, एक विशेषण कापले आणि सही केली. त्याच पत्रात मी आणखी एक बदल सुचवला होता: नमुना घेताना आमचा माणूस हजर राहील. खर्च वाढला. पण चुकीच्या बाटलीतून आलेला अचूक आकडा आम्ही पुन्हा कधी दिला नाही, याचा मला अभिमान आहे. खंत एवढीच की त्या लखलखीत बाटल्यांचे कौतुक आम्ही सगळ्यांनी केले होते आणि इतक्या स्वच्छ का असतात हे विचारायला इतके आठवडे लागले. त्या आठवड्यांत मुले आजारी पडत होती.

पत्र गेल्यावर कार्यालय हलले. अभियंत्यांनी स्वतः उभे राहून रस्ता खणून घेतला. संडासाच्या एका शोषखड्ड्याला लागून पाइपचा सांधा निखळलेला सापडला. नळ बंद असताना रिकामा पाइप खड्ड्यातले पाणी आत ओढत होता आणि नळ सुटला की ते घराघरांत पोचत होते. लताताईंचा संशय शब्दशः खरा निघाला. संघमित्रा तोवर घरी आली होती, अशक्त होती, पण शाळेचे विचारत होती. नवा पाइप पडला.

नव्या पाइपमधला पहिला नमुना निर्दोष आला, हे आधीच सांगून टाकते. पण मला तो घेतला त्या सकाळबद्दल लिहायचे आहे, आणि त्या सकाळी हे कुणालाच माहीत नव्हते.

अभियंता साहेब आले होते. मनाने सरळ आणि कामात काटेकोर माणूस. झाल्या प्रकाराने थोडे वरमलेले. या वेळी नमुना आपल्या देखरेखीखाली घ्यायचा असे त्यांनी ठरवले होते. माझ्या हातातून बाटली घेतली, कागद सोडला, झाकण काढले, बाटली उजेडाकडे धरली. "हिच्यात काहीतरी चिकटलंय," म्हणाले आणि खळबळून घ्यायला नळाकडे वळले.

लताताई मधे आल्या. "साहेब, नका. ती धुवायची नसती."

"अहो, खाली पांढरं आहे. घाण बाटलीत कसं घ्यायचं?"

"ते औषध हाय. द्या इकडं. अन् तोंडाला बोट नका लावू, तुमचे जंतू मोजत्यात मॅडम. सगळ्यांचे मोजत्यात, इचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी लताताईंकडे पाहिले. त्यांनी बाटली लताताईंच्या हातात दिली आणि दोन पावले मागे सरले. लताताईंनी हात पुसले, नळ थोडा वेळ वाहू दिला, बाटली भरली, वर हवेला जागा ठेवली, झाकण लावले आणि ती डब्यात बर्फावर आडवी होणार नाही अशी ठेवली. गल्लीतल्या बाया बघत होत्या.

मग त्या घरात गेल्या आणि दाराशी आलेल्या माणसाला पाणी द्यायचे म्हणून पेला घासू लागल्या. पेला भरला, उचलला आणि उंबऱ्यात थांबून माझ्याकडे पाहिले. साहेब घामाने भिजले होते आणि त्यांची नजर पेल्यावर होती. 'हो' म्हणणे फार सोपे होते. पाइप नवा होता, पावडर मी स्वतः मोजून टाकली होती. मी मान हलवून नाही म्हटले. अजून दोन दिवस नाही.

पेला हातात धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. त्यांच्या दारात एक साहेब उभा होता, पाणी प्यायला तयार होता, आणि तो पेला मी परत फिरवला होता. मग त्यांनी पेला आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "साहेब, पाण्याचं जमत नाय आज. चहा घ्यावा लागंल."

साहेब म्हणाले की ते आत्ताच घेऊन निघाले आहेत.

"घेतला असंल. बसा."

ते बसले. मीही बसले, नमुना बर्फात होता. आत स्टोव्हचा आवाज बराच वेळ चालू राहिला. चहा इतका उकळला होता की कप हातात धरवत नव्हता. साहेबांनी फुंकर घालत तो संपवला, कप खाली ठेवला आणि उठताना हात जोडले.

"परवा या," लताताई म्हणाल्या. "पाणी प्यायला."